मसुरीच्या आठ वाट्या

मेलांथोस गेल्याची बातमी रोडसहून आलेल्या तांडेलाने धक्क्यावर उतरताच सांगितली, आणि आंद्रोनच्या घरापर्यंत पोचेतो तिला भरपूर तिखटमीठ लागलं होतं. कोणी म्हणे शेळीमागं धावताना कड्यावरून पडला, कोणी म्हणे वाळूत आकृती काढता काढता तिथंच कलंडला. खरी गोष्ट एवढीच, की म्हातारा दुपारचा आडवा झाला तो उठलाच नाही. पण त्याआधी त्याने दोन पेट्या आणि एक पत्र बांधून ठेवलं होतं, अलेक्झांड्रियाच्या विद्यागृहाच्या नावानं. माझ्या सात विधानांना ज्याने बरोबर उत्तर दिलं त्यालाच या पेट्या द्यायच्या, असं त्याने तांडेलाला दहादा बजावलं होतं.

पेट्यांत काय असणार? चाळीस वर्षांचं गणित. सगळ्या ग्रीक मुलखात मेलांथोसच्या तोडीचा भूमितीवाला नव्हता, आणि एवढं सगळं त्याला सुचतं कसं, हे त्याने जन्मात कोणाला कळू दिलं नव्हतं. त्या पेट्या ज्याच्या घरी जातील त्याच्या दारात उद्यापासून अथेन्सची आणि सिराक्यूजची माणसं रांग लावणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं.

आंद्रोन मटकन खाली बसला आणि रडला. खोटं नाही रडला, उगाच कशाला नावं ठेवा? दोघं एका बाकावर शिकले होते. एकाने चूक करायची आणि दोघांनी छडी खायची, अशी त्यांची दोस्ती होती. पण रडता रडताच त्याच्या मनात आलं, पेट्या आपल्याच! सातही विधानं सिद्ध केल्याचं भर पंगतीत सांगणारा आपल्याइतका जुना माणूस दुसरा कोण आहे? मग त्याने डोळे पुसले आणि बायकोला हाक मारली.

"मिर्तो, अगं, माझा पांढरा अंगरखा काढ. मांसाचे डाग नसलेला."

मिर्तोने अंगरखा आणला, पण हातात देईना. ती तळ्याकाठच्या कुंभाराची मुलगी. लग्नाला तीस वर्षं झाली तरी तिची नखं अजून मातकट असायची, कारण परसात तिचं चाक होतं आणि ते तिने कोणाचं ऐकून सोडलं नव्हतं.

"अहो, ते सातवं," ती म्हणाली.

"आता नको."

"आता नको तर कधी? पत्र उघडल्यावर?"

"मिर्तो, माणूस मेलाय."

"म्हणून तर म्हणते. मेलेल्या माणसाला 'पुढच्या वसंतात पाठवतो' असं कळवता येत नाही."

आंद्रोनने तिच्या हातातून अंगरखा ओढून घेतला. बायको खोटं बोलली असती तर त्याला एवढा राग आला नसता.

गोष्ट अशी होती. मेलांथोस तरुणपणीच विद्यागृह सोडून रोडसला गेला होता. राजाच्या पंगतीला बसून भूमिती करणं म्हणजे दावणीला बांधून चारा खाणं, असं तो जाताना सगळ्यांच्या तोंडावर बोलला होता, आणि ते कोणी विसरलं नव्हतं. तिकडे त्याने शेळ्या पाळल्या. लग्न केलं नाही. पण दर वसंतात पहिल्या गलबताबरोबर तो नवी विधानं पाठवायचा, नुसती विधानं, सिद्धता नाही. खाली एकच ओळ: शोधा. मग इकडे सगळे भूमितीवाले वर्षभर डोकं खाजवत बसायचे.

आणि विद्यागृहाच्या पंगतीत रीत होती, की ज्याला सिद्धता सापडली त्याने उठायचं, मेजावर पंजा ठेवायचा आणि म्हणायचं, 'माझ्याकडे आहे.' तरुण असेल तर त्याला लगेच दाखवायला लावत. पण ज्याचे केस पांढरे झालेत त्याला 'दाखव' म्हणणं म्हणजे त्याच्या बापाचा उद्धार करण्यासारखं. मागायचा हक्क फक्त विधान पाठवणाऱ्याला.

तीन वर्षांपूर्वी सात विधानं आली. सहा आंद्रोनने खरोखर सोडवली. झोप गेली, पोट बिघडलं, पण सोडवली. सातवं मात्र सुटेना. दोन सारखे गोल खांब एकमेकांत आडवे घुसवले, तर दोघांचा जो सामाईक गाभा होतो, तो त्याला नेमका वेढणाऱ्या चौकोनी पेटीचा पाऊण हिस्सा भरतो, असं ते विधान. बारा वाट्यांची पेटी असेल तर गाभा नऊ वाट्यांचा. आंद्रोनला सिद्धतेची अर्धी वाट दिसत होती. उरलेली दिसेलच, अशी खात्री होती, कारण विधान मेलांथोसचं होतं आणि मेलांथोस चुकत नसे. तेवढ्यात पंगतीत तेलेसोन उठला. हा आंद्रोनपेक्षा दहा वर्षांनी लहान, जिभेनं तिखट. 'माझ्याकडे पाच आहेत,' असं तो म्हणाला, आणि आंद्रोनकडे बघून हसला. झालं. आंद्रोनचा पंजा मेजावर पडला आणि तोंडातून निघालं, 'माझ्याकडे सातही आहेत.'

टाळ्या पडल्या, त्याला मेजाच्या वरच्या टोकाला बसवलं, माशाचा पहिला तुकडा त्याच्या ताटात आला. तेव्हापासून तो तिथंच बसत होता. त्याचं बघून त्या वर्षभरात आणखी तिघांनी सातहीवर पंजा ठेवला. मेलांथोसने दोनदा पत्र पाठवून त्याच्याकडे मागितलं, 'सातवी तेवढी पाठव.' आंद्रोनने दोन्ही वेळा उत्तर दिलं. यंदा नाईलला पाणी बरं आहे, दमट हवेनं गुडघे धरतात, बाकी क्षेम.

मिर्तोने काय केलं, तर परसात बारा वाट्यांचा ओल्या मातीचा चौकोनी ठोकळा घेतला, दोन बाजूंनी गोल कापला, त्यावर साचा काढला, भाजला आणि त्यात मसूर भरली. मग तीच मसूर वाटीनं मोजली. आठ भरल्या. पुन्हा केलं. आठच. तिसऱ्यांदा मोठा साचा केला, तरी तोच हिशेब, बारात आठ. ती धावत आत आली होती, पदराला माती, हातात वाटी.

"अहो, नऊ नाही बसत! आठच बसतात!"

आंद्रोनला त्या दिवशी हसू आवरलं नव्हतं. भूमितीवाला मोजत नाही. मोजतो तो वाणी. माती आक्रसते, मसुरीत फटी राहतात, हात थरथरतो, आणि या सगळ्याच्या पलीकडे जे आहे ते भूमिती. एवढं साधं तीस वर्षांत या बाईला कळू नये? त्याने ते दुसऱ्या दिवशी पंगतीत सांगितलं. सगळे पोट धरून हसले. मग पाहुणे आले की कोणीतरी म्हणायचं, 'आंद्रोन, ते मसुरीचं सांग ना,' आणि तो सांगायचा, मिर्तोचा आवाज काढून, पदर सावरायची नक्कल करून. दोन वर्षं सांगत होता. पेर्गाहून आलेल्या एका पाहुण्याला तर हसता हसता ठसका लागला होता.

तर असा तो पांढरा अंगरखा घालून निघाला.

"मी येऊ का दारापर्यंत?" मिर्तोने विचारलं.

"तू कशाला? तुला काय करायचंय तिथं?"

"काही नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण ते बघायला आंद्रोन थांबला नाही.

विद्यागृहाच्या दालनात माणसं दाटीवाटीनं उभी होती. वैद्य आले होते, तारे बघणारे आले होते, जुन्या काव्यांवर भांडणारेही आले होते. मधल्या मेजावर त्या दोन पेट्या. सायप्रसच्या लाकडाच्या, दोरीनं आवळलेल्या, समुद्राच्या पाण्यानं खालून पांढऱ्या पडलेल्या. शेजारी तो तांडेल, सिमोस, पेटीवर हात ठेवून उभा होता. कोणी जवळ आलं की गुरकावत होता.

"लांबून बघा, लांबून! म्हाताऱ्याला शब्द दिलाय मी."

"अरे बाबा, आम्ही काय चोर आहोत?" तेलेसोन म्हणाला.

"म्हातारा म्हणाला होता, शिकलेल्या माणसांवर नजर ठेव."

हशा पिकला. पुजारी अमिनियासांनी हात वर केला. विद्यागृहाचा कारभार त्यांच्याकडे, वय पंचाहत्तर, पण आवाज खणखणीत. त्यांनी मोहर फोडली, सगळ्यांना दाखवली आणि वाचायला सुरुवात केली. आंद्रोन पहिल्या रांगेत उभा होता. माणसं आताच त्याच्या पाठीवर थाप मारत होती.

मेलांथोसने नमस्कार-चमत्कार काही लिहिले नव्हते. मी मरतोय, त्यामुळे थोडक्यात लिहितो, अशी सुरुवात होती. 'तीन वर्षांपूर्वी मी सात विधानं पाठवली. पहिली सहा खरी आहेत. सातवं खोटं आहे. ते मी जाणूनबुजून खोटं केलं.'

अमिनियास थांबले. त्यांनी ती ओळ डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचली, मोठ्यानं. 'जाणूनबुजून खोटं केलं.'

आंद्रोनला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. खोटं? मेलांथोस खोटं लिहितो? तीन वर्षं आपण ज्या भिंतीवर डोकं आपटत होतो ती भिंत होती कुठं? तिथं तर काहीच नव्हतं! ज्याच्या शब्दावर डोळे मिटून पाय टाकला, त्याच माणसाने खड्डा खणून ठेवला होता.

पाठीवरचा हात कोणीतरी हळूच काढून घेतला.

अमिनियास पुढं वाचत होते. 'असं का केलं ते सांगतो. तुमच्याकडे पंजा ठेवला की सिद्ध झालं, अशी चाल पडली आहे. खरं विधान असेल तर कोणी ते शोधलं आणि कोण नुसता बोलला, हे कळायला मार्ग नाही. खोट्याची सिद्धता कोणाकडेच असू शकत नाही. सातवी आपल्याकडे आहे असं चौघांनी पंगतीत सांगितल्याचं मला कळलं. त्यांची नावं मी लिहीत नाही. एका व्यक्तीने त्यांतल्या एकासाठी माझ्याकडे रदबदली केली, म्हणून लिहीत नाही.'

नावं लिहायची गरज कोणाला होती? दालनातल्या प्रत्येकाला चारही नावं पाठ होती. त्यांतले दोघं दारातून सटकायच्या बेतात होते, तिसरा छताकडे बघत होता. आंद्रोनला हलताच येईना. पुढच्या रांगेत उभं राहायची हौस त्याच्या अंगाशी आली होती.

'सातवं खोटं आहे असं सांगणारं एकच पत्र सगळ्या जगातून आलं,' अमिनियास वाचत होते. 'ते अलेक्झांड्रियाहून आलं. आंद्रोनच्या घरून आलं.'

आणि सगळं दालन त्याच्याकडे वळलं.

"आंद्रोन!" तेलेसोन ओरडला. "तू?"

आंद्रोनचं तोंड उघडं पडलं. माझ्या घरून? कोणी? पण हे 'कोणी' मनात पुरतं उमटायच्या आतच समोरच्या चेहऱ्यांवर त्याला दिसलं, की ही माणसं आपल्याला वाचवायला निघाली आहेत. त्यांच्या डोळ्यांत किळस होती ती जाऊन आदर येत होता. एवढा जुना माणूस खोटं कसं बोलेल, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं. फक्त होकार द्यायचा होता.

"हो," आंद्रोन म्हणाला. "मीच."

"मग पंगतीत सातही आहेत असं का म्हणालास?"

"बघत होतो." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "म्हटलं, आणखी कोण कोण पंजा ठेवतंय ते बघू."

कोणीतरी 'वा!' म्हणालं. तेलेसोनचं तोंड पडलं. सिमोस तांडेलाने पेटीवरचा हात काढला. दोन श्वास आंद्रोनला वाटलं, निभावलं.

"थांबा, अजून आहे," अमिनियास म्हणाले. "'पत्र लिहिणाऱ्याने आपलं नाव सांगू नका अशी विनवणी केली होती. मी शब्द पाळतो. लिहिणाऱ्याला वाटलं तर पुढं यावं. पण उद्या कोणीही पुढं येईल, तेव्हा त्याला एवढंच विचारा: गाभ्यात तू काय भरून मोजलंस?'"

अमिनियासांनी गुंडाळी खाली केली. "सांग आंद्रोन. काय भरलंस?"

त्याला ठाऊक होतं. त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक होतं हे कळल्याक्षणी पत्र कोणी लिहिलं तेही कळलं. वाळू म्हणावं का? पाणी? पण वाळू म्हटलं तर पेट्या जातात. खरं म्हटलं तर... खरं म्हटलं तर काय होतं, एवढा विचार करायला डोकं ठिकाणावर हवं.

"मसूर," तो म्हणाला.

अमिनियासांनी पत्रात बघितलं आणि मान हलवली. "बरोबर. मसूर."

पण टाळी पडली नाही. आंद्रोनने मान वर केली. तारे बघणारे, वैद्य, काव्यवाले, सगळे त्याच्याकडे टक लावून बघत होते आणि एकेकाच्या चेहऱ्यावर तीच गोष्ट उमटत चालली होती. दोन वर्षं त्याने ही मसूर त्यांना इतक्यांदा वाढली होती, की कोणाला काही आठवावं लागलं नाही. मागं कोणीतरी हसायला लागला आणि शेजाऱ्याने त्याला कोपरानं गप्प केलं.

तेलेसोन टोमणा मारेल असं त्याला वाटलं. तेलेसोन हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मिर्तो वहिनी."

आंद्रोन पेट्यांकडे बघत राहिला.

"आणि आपण हसत होतो," तेलेसोन म्हणाला. "मीसुद्धा. अरे देवा! आठच बसतात, आठच बसतात. बाई खरं बोलत होती आणि आपण खोकेपर्यंत हसत होतो!"

अमिनियास त्याच्याजवळ आले. रागावले असते तर बरं झालं असतं. "आंद्रोन, या दालनात बायका बसत नाहीत, तेव्हा पेट्या तुझ्या घरी जातील. तिच्याकडे. आणि उद्या पंगतीच्या वेळी तू इथं येशील. सहाच्या सिद्धता घेऊन येशील आणि सातव्याचं तुझ्या तोंडानं सांगशील. नाही आलास तर तुझी जागा तू सोडलीस असं मी धरीन."

"मालक, घर कुठं?" सिमोसने विचारलं. ते तेलेसोनने सांगितलं.

भर दुपारी, भर रस्त्यातून ती वरात निघाली. पुढं दोन हमाल आणि पेट्या, त्यामागं सिमोस, त्यामागं आंद्रोन, पांढऱ्या अंगरख्यात घामाघूम. मासेवाल्या बायकांनी विचारलं, 'काय हो, काय आणलंत?' तो मान खाली घालून पुढं चालत राहिला. हसलो का आपण तिला? तो स्वतःलाच विचारत होता. नुसते हसलो नाही, दुकान मांडलं तिचं. पुन्हा मनात यायचं, तिने मला न विचारता त्याला पत्र घातलंच कसं? राग यायचा आणि दोन पावलांत विझून जायचा, कारण पुढं पेट्या दिसत होत्या.

मिर्तो दारातच होती. पेट्या बघून तिने मातीचे हात पदराला पुसले.

"मेलांथोसने पाठवलंय, बाई," सिमोस म्हणाला. "मसूरवाल्यांसाठी. तुम्हीच ना?"

तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. "माझं नाव घेतलं का त्यांनी?"

"नाही," आंद्रोन म्हणाला. "त्याने नाही घेतलं."

"मग कोणी?"

"कोणीच नाही. मी 'मसूर' म्हणालो." त्याला पुढचं बोलायचंच नव्हतं, पण ती बघत राहिली, आणि तो बोलला. "पत्र मीच लिहिलं असं म्हणालो मी. सगळ्यांच्या देखत. मग त्यांनी विचारलं काय भरलं, तेव्हा मसूर म्हणालो. मग सगळ्यांना कळलं."

मिर्तो अंगणातल्या ओट्यावर बसली. तो शिव्यांची वाट बघत होता. "पण मग सातव्याचं सगळ्यांसमोर निघालं?" ती म्हणाली. "सगळ्यांसमोर वाचलं?"

"सगळ्यांसमोर."

"अरेरे!" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आंद्रोनला वाटलं ती मेलांथोससाठी रडतेय.

सिमोसला तिने पाणी दिलं, अंजीर दिले, म्हातारा कसा गेला ते विचारलं. तो गेल्यावर दोघांनी मिळून पहिल्या पेटीची दोरी सोडली. आंद्रोनला धीर निघत नव्हता, एवढं सगळं होऊनही. गुंडाळ्या असतील. रेषा रेषा जोडत नेलेल्या सिद्धता असतील.

वर गवत होतं. गवताखाली एक तराजू. तराजूखाली मातीचे, लाकडाचे, शिशाचे आकार, शंकू, घुमट, तिरके कापलेले तुकडे, शेकड्यांनी, प्रत्येकावर खूण आणि वजन कोरलेलं. कोपऱ्यात पिशवीभर बारीक वाळू आणि एक लाकडी वाटी, कड झिजून गेलेली. शिशाच्या एका तुकड्याला चिठ्ठी बांधली होती. मेलांथोसचंच अक्षर. आधी तोलून बघतो. काय खरं आहे ते कळलं की मग सिद्ध करायला सोपं जातं. हे तिकडच्यांना सांगण्यात अर्थ नाही, हसतील.

आंद्रोनने ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग पेटीत हात घालून एक एक आकार काढून बघत राहिला, जणू खाली कुठंतरी खरा मेलांथोस सापडेल. "मोजत होता," तो म्हणाला. "मिर्तो, हा मोजत होता! चाळीस वर्षं! हा माणूस वाळू भरून मोजत होता!"

"मग कसं कळणार माणसाला?" मिर्तो म्हणाली. तिने एक घुमट उचलला, अंगठा फिरवून बघितला. "हात चांगला होता हो त्यांचा. कड बघा किती साफ आहे."

त्याला तिच्याकडे बघवेना. त्याने दुसरी पेटी उघडली. तीत गुंडाळ्या होत्या, काठोकाठ, आणि सगळ्यांत वर एक घडी घातलेलं पत्र. अक्षर ओळखीचं होतं. किराणा लिहिताना, बहिणीला पत्र लिहिताना बघितलेलं, जरा उजवीकडे कललेलं. समासात मेलांथोसने खरडलं होतं: 'त्याला दोनदा मागितली. एकांतात मागितली. दोन्ही वेळा त्याने हवामान कळवलं. मी आणखी काय करू, बाई?'

"द्या इकडे," मिर्तो चटकन म्हणाली. "ते माझं आहे."

पण तो वाचायला लागला होता. सवयीनं मोठ्यानं, जसं विद्यागृहात वाचतात तसं.

"'मिर्तोकडून मेलांथोस यांना नमस्कार. तुमचं सातवं बसत नाही. बारा वाट्यांत आठच बसतात, मी मसूर भरून तीनदा मोजलं. चूक तुमची आहे की तुम्ही मुद्दाम केलीत, मला ठाऊक नाही. पण आमच्या घरून पंगतीत शब्द गेला आहे, म्हणून लिहिते. माझे यजमान लबाड नाहीत. कोणी डिवचलं की त्यांना राहवत नाही, एवढंच. तुम्ही एका बाकावर शिकलात. काय सांगायचं ते त्यांना एकट्याला सांगा, चारचौघांत नको. त्यांना कोणी हसलेलं मला सोसवत नाही. माझं नावही काढू नका, नाहीतर बायकोनं शिकवलं म्हणून...'"

इथं तो थांबला. दोन वर्षं तो पंगतीत पदर सावरायची नक्कल करत होता, आणि हे पत्र तेव्हा रोडसला पोचलेलं होतं.

मिर्तोने हातातला घुमट नीट गवतावर ठेवला आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

"वाचा ना," ती म्हणाली. "थांबलात का? पुढं सगळं तुमचं कौतुकच आहे."